सहा नंबरच्या गल्लीतला झोपाळा

सुकदेवरावांना कचेरीत भोवळ आली ती भर दुपारी, आणि ते कोसळले ते साहेबांसमोर नव्हे तर शिपायाच्या अंगावर. याचं दुःख त्यांना भोवळीपेक्षा जास्त झालं. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. हेडक्लार्कने कोसळायचंच तर निदान एखाद्या अधिकाऱ्याच्या उपस्थितीत कोसळावं, म्हणजे त्याची दखल घेतली जाते. शिपायाच्या अंगावर कोसळलेल्या माणसाला फक्त पाणी मिळतं.

टांग्यात घालून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. नेल्यानेल्या मोजलेला रक्तदाब फार चढला होता. दवाखान्यातले बाक भरलेले, म्हणून कंपाउंडरने त्यांना मागे, डॉक्टरांच्या घरच्या ओसरीवर नेऊन झोपाळ्यावर बसवलं. समोर डॉक्टरांच्या आई तांदूळ निवडत स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. सुकदेवरावांचा पाय नकळत जमिनीला टेकला, झोपाळा हलला आणि हलतच राहिला. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, काट्याकडे पाहिलं, हवा सोडली, पुन्हा भरली.

"भोवळ तुम्हालाच आली होती ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"मलाच."

"मग इथे येऊन काय केलंत? दाब तर बराच उतरलाय."

"काही नाही. बसलो होतो."

"तर मग घरीही असंच बसत जा," डॉक्टर म्हणाले. "दिवेलागणीला रोज थोडा वेळ. कचेरी बाहेर ठेवायची, घरातल्या माणसांबरोबर बसायचं. घरात जरा गाणं असू द्या. गोळ्या देतोच मी, पण गोळीने दाब उतरतो, डोकं निवत नाही."

वरिष्ठांचा तोंडी हुकूम ऐकून त्यातलं नेमकं नको ते अमलात आणायचं, ही कला सुकदेवरावांना अवगत होती. घरी येईपर्यंत त्यांच्या मनात डॉक्टरांच्या सल्ल्यातला एकच शब्द उरला होता, आणि तो डॉक्टरांनी उच्चारलाही नव्हता. झोपाळा. गाणं, घरातली माणसं, कचेरी बाहेर ठेवणं, हे सगळं आनुषंगिक.

घर म्हणजे सहा नंबरच्या गल्लीत दीपचंदशेठच्या माडीखालच्या दोन खोल्या. सुकदेवराव संध्याकाळी उंबरठ्यावर आले की आतल्या दोन्ही मुलींचा आवाज आपोआप खाली यायचा. त्यांची बायको द्रौपदाबाई ते टोपी खुंटीला कशी अडकवतात एवढं बघायच्या आणि त्यावरून आज काही बोलायचं की नाही ते ठरवायच्या. बहुतेक दिवस ठरायचं की नाही. सतरा-अठरा वर्षं हे असं चालत आलं होतं, आणि सुकदेवराव या प्रकाराला शिस्त समजत होते.

"आपण झोपाळा बांधू," ते म्हणाले.

"बंगई?" द्रौपदाबाई म्हणाल्या. शिंदखेड्याकडच्या त्यांच्या माहेरी झोपाळ्याला हाच शब्द. तो म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण सुकदेवराव तोवर खोलीची लांबी मोजायला उठले होते. "इथे चटई अंथरली तर दार उघडत नाही. बंगई कुठे मावणार?"

"डॉक्टरांचा हुकूम आहे," सुकदेवराव म्हणाले.

बातमी गल्लीत पसरायला झोपाळा लागत नाही. शेजारचे भटूनाना लगेच आले. नाना रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी जगातली प्रत्येक हालचाल आपल्या शिट्टीशिवाय सुरू होऊ नये असं त्यांना वाटायचं. त्यांनी छताच्या तुळईखाली उभं राहून वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि विचारलं, "झोका उत्तर-दक्षिण जाणार की पूर्व-पश्चिम?"

"तुळई आडवी आहे. म्हणजे दाराकडून मागच्या भिंतीकडे."

"म्हणजे उत्तर-दक्षिण. वाईट. माणसाचं रक्त लोखंडाचं असतं. उत्तरेकडे ओढलं जातं." थोडा विचार करून ते म्हणाले, "पण परतीला दक्षिणेकडे येतंच म्हणा. हिशेब मिटतो. बांधा."

दीपचंदशेठ इतक्या सहजी मिटणारे नव्हते. त्यांचं खाली बाजारात धान्याचं दुकान, आणि राहायला ते या दोन खोल्यांच्या बरोबर वर. "देखो सुकदेवभाऊ," ते म्हणाले, "तुळई माझ्या बापाने टाकली. तिच्यावर आमची रसोई उभी आहे. तुम्ही खाली झुलणार, मग वर आमचा चूल्हा पण झुलणार. कुणा सरकारी माणसाकडून लिहून आणा की तुळई मजबूत आहे. मग बांधा."

सरकारी माणूस म्हणजे आपलेच जातभाई, या विश्वासाने सुकदेवराव एका कचेरीत गेले. कोणत्या, ते सांगण्यात अर्थ नाही. तिथल्या कारकुनाने त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "झोपाळा हे बांधकाम समजायचं की सामान?"

"म्हणजे?"

"बांधकाम असेल तर नकाशा लागेल, आणि अर्ज घरमालकाने करायचा. सामान असेल तर आमचा संबंध येत नाही. टांगलेला नसताना ते सामानच आहे. टांगल्यावर बांधकाम होईल. पण टांगायला आमची परवानगी लागेल, आणि परवानगी फक्त बांधकामाला देता येते."

सुकदेवराव त्याच्याकडे बघतच राहिले. स्वतःच्या टेबलामागे बसून त्यांनी उभ्या हयातीत अनेकांना अडवलं होतं, पण इतकं सुबक, इतकं बिनतोड, कुठेही टाका न दिसणारं काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. ते उठले, त्या तरुणाला मनापासून नमस्कार केला आणि घरी आले. टेबलाच्या या बाजूने आपण असे दिसतो, हा विचार मात्र टांग्यात त्यांच्याशेजारीच बसून घरापर्यंत आला.

शेवटी प्रश्न भटूनानांनी सोडवला. शेठजींना खाली बोलावून ते म्हणाले, "कागदावर काय विश्वास ठेवता? तुळईची परीक्षा मी घेतो." नानांची अंगकाठी धान्याच्या पोत्यासारखी. ते स्टुलावर चढले, दोन्ही हातांनी तुळई धरली आणि स्टूल पायाने ढकलून दिलं. तुळई तसूभर हलली नाही. नाना लटकत राहिले. त्यांना खाली कसं उतरायचं हा विचार कुणी केला नव्हता, नानांनी तर मुळीच नाही. "शेठजी, मंजूर म्हणा," ते वरूनच म्हणाले, "हात सुटतायत." शेठजींनी मंजूर म्हटलं आणि स्टूल सरकवलं.

फळीचं काम निंबा सुताराकडे दिलं. निंबा हौशी कारागीर होता, म्हणजे तो काम हौस वाटेल तेव्हा करायचा. त्याने सागाची अशी ऐसपैस फळी आणली की ती दारातून आत वळेना. थोडी कापली. आत आली, पण साखळ्यांना लावल्यावर भिंतीला घासू लागली. आणखी कापली. मग एक बाजू आखूड वाटली म्हणून दुसरी कापली. माकडाने लोणी वाटावं तसा न्याय करत करत शेवटी जी फळी उरली ती दीड माणसाची होती. "दोन जण प्रेमानं बसले तर मावतील," निंबा म्हणाला. सुकदेवरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हत्यारं गोळा केली.

उद्घाटनाला नानांनी नारळ फोडला. सुकदेवराव टोपी घालून, कोट घालून, एखाद्या बैठकीचं अध्यक्षपद स्वीकारावं तसे फळीवर बसले. एक झोका झाला. दुसऱ्या झोक्याला डावीकडची कडी तुळईतून निघाली, फळी तिरपी झाली, आणि अध्यक्ष घसरत जाऊन खोबऱ्याच्या ताटात बसले. मुली तोंडात पदराचं टोक कोंबून आतल्या खोलीत पळाल्या. गल्लीने मात्र तोंडात काही कोंबलं नाही.

कडी पुन्हा बसवली, या वेळी आरपार. आणि मग सगळ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली, जी खरं तर पहिल्याच दिवशी यायला हवी होती. तुळई दाराच्या फार जवळ होती. झोका पुढे आला की फळी उंबरठ्यापर्यंत यायची आणि बसणाऱ्याचे पाय गुडघ्यापासून पुढे गल्लीत निघायचे. गल्ली ती केवढी. पहिल्याच संध्याकाळी सुकदेवरावांचे दोन पाय घरातून बाहेर आले आणि भागाबाई भाजीवालीच्या कमरेवरच्या पाटीला लागले. भरताची वांगी गल्लीभर झाली.

भागाबाईने आत डोकावून पाहिलं. "साहेब," ती म्हणाली, "घरमा बठ्ठी जागा सोडीसन पाय रस्तामा काढतस?"

घरातली सगळी जागा सोडून रस्त्यात पाय काढणाऱ्या हेडक्लार्कला वांगी गोळा करावी लागली. दुसऱ्या दिवसापासून नाना हिरवं आणि लाल फडकं घेऊन दारासमोर उभे राहू लागले. सायकल आली की लाल, रस्ता मोकळा की हिरवं. निवृत्तीनंतर नाना इतके सुखी कधी दिसले नव्हते. पण बाहेर माणूस झेंडी दाखवतोय, आत माणूस पाय आखडून झोके घेतोय, अशाने कुणाचं डोकं निवणार? सुकदेवरावांचा रागाचा पारा उलट चढू लागला. झोपाळ्यावर बसूनही ते कचेरीतलेच चेहरे आठवत होते, फक्त आता ते चेहरे पुढे-मागे होत होते. मुली झोपाळ्याकडे फिरकत नव्हत्या, कारण त्यावर वडील होते. द्रौपदाबाई येता-जाता साखळीला नुसता हात लावायच्या आणि पुढे जायच्या.

त्यातच शेठजींच्या पत्नी प्रेमकुंवरबाई वरून खाली आल्या. खाली झोका सुरू झाला की वर फडताळातली सगळी भांडी थरथरतात, ही त्यांची तक्रार. परवा तर डाळीचं पातेलंच खाली आलं होतं. मागोमाग शेठजीही आले. "आखाजीचा सण तोंडावर आहे, आता नाही उतरवत," ते शांतपणे म्हणाले. "सण झाला की झोपाळा काढा. नाही तर घर दुसरं पाहा."

सुकदेवरावांनी मान डोलावली. धुळ्यात घर मिळणं आणि बढती मिळणं सारखंच होतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशात हा सण लेकींचा. लेकी माहेरी येतात, कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधतात, आमरस खातात, गाणी म्हणतात. द्रौपदाबाईंचा भाऊ गुलाब दर वर्षी त्यांना न्यायला यायचा आणि दर वर्षी चहा पिऊन एकटाच परत जायचा. मला साहेब रजा देत नाहीत, मागे घर कोण बघणार, असं सुकदेवराव सांगायचे. याही वर्षी तो आला आणि गेला. या वेळी तर आजारपणाचं कारण होतं.

आखाजीच्या दिवशी सुकदेवराव कचेरीत होते. दुपारी साहेब दौऱ्यावर निघाले, तेव्हा तेही उन्हातून घराकडे निघाले. सहा नंबरच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन पाहतात तो आपल्या दारासमोर ही गर्दी. बायका, पोरीबाळी, पलीकडच्या पाच नंबरच्या गल्लीतल्यासुद्धा. त्यांना एकच सुचलं. तुळई पडली. वरची रसोई खाली आली. ते धावत सुटले. त्यांना मुली दिसेनात, द्रौपदाबाई दिसेनात. दारासमोर नाना उभे होते, दोन्ही फडकी हातात तशीच लोंबत होती.

"नाना, कुणाला लागलं?"

नानांनी त्यांच्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं. "ऐका," ते म्हणाले.

तेव्हा सुकदेवरावांना आवाज ऐकू आला. आवाज काही गोड नव्हता. जाड होता, थोडा फाटलेला, उघड्या रानात लांबवर पोचायची सवय असलेला, आणि कुणाची परवानगी न मागता निघालेला. झोपाळा पुढे आला की उंबरठ्याशी एक चेहरा उन्हात यायचा आणि परत खोलीतल्या अंधारात जायचा. ओळीचा पहिला भाग गल्लीत ऐकू यायचा, दुसरा घरात विरायचा. गर्दीतून वाट काढत सुकदेवराव जवळ गेले. तो चेहरा तीन-चार वेळा उजेडात येऊन गेला, तरी ती आपली बायको आहे हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

धुयानी गल्ली सांकडी वं माय,
झोका मना मावत नही.
भाऊ मना उना लेवाले वं माय,
साहेब सुट्टी देत नही.

धुळ्याची अरुंद गल्ली आणि न्यायला आलेला भाऊ, हे अहिराणी ध्रुवपद बायका उचलून धरत होत्या. भागाबाई पाटी पालथी घालून तिच्यावर ठेका धरून बसली होती. द्रौपदाबाईंच्या शेजारी, त्या दीड माणसाच्या फळीवर, अंग चोरून दुसरी एक बाई बसली होती आणि तिच्या हातातल्या बांगड्या साखळीवर वाजत होत्या. त्या प्रेमकुंवरबाई होत्या. त्या भांड्यांची तक्रार घेऊन खाली आल्या होत्या म्हणे, आणि जरा टेकते म्हणून बसल्या होत्या.

द्रौपदाबाई थांबल्या की प्रेमकुंवरबाई आपल्या माहेरचं, मारवाडातलं गाणं धरायच्या. त्यांच्याकडे झोका श्रावणात. पण श्रावणापर्यंत हा झोपाळा राहणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी श्रावणातलं गाणं वैशाखातच म्हणून घेतलं. रखरखीत उन्हात उभ्या असलेल्या बायका त्या गाण्यातल्या पावसात भिजत होत्या.

जिन्याच्या पायरीवर दीपचंदशेठ बंडीवरच उभे होते. सुकदेवराव त्यांच्या शेजारी जाऊन थांबले.

"ही आमची?" शेठजींनी हळूच विचारलं.

"तुमचीच," सुकदेवराव म्हणाले.

"आणि ती?"

"ती आमची."

दोन्ही संसार जुने होते, आणि दोघांचेही चेहरे आत्ताच लग्नाच्या मांडवात उभं केल्यासारखे झाले होते.

मग द्रौपदाबाईंनी नवी ओळ उचलली.

कचेरीना कारकून वं माय,
घर बी फाईल समजस.

गल्ली खदखदून हसली. मुली सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या. त्यांना एवढं मोठ्याने हसता येतं, हेही सुकदेवरावांना नवीन होतं. आणि त्याच झोक्याला द्रौपदाबाईंचा चेहरा उजेडात आला आणि त्यांना जिन्याजवळ नवरा दिसला.

गाणं तुटलं. झोपाळा तसाच पुढे-मागे होत राहिला. सगळी गल्ली सुकदेवरावांकडे वळली. नानांनी सवयीने लाल फडकं वर केलं.

सुकदेवरावांना राग यायला हवा होता. त्यांनी आत शोधला. हेडक्लार्कचा भर गल्लीत पाणउतारा झाला होता, तोही चालीवर. पण राग जिथे असायचा तिथे काही सापडेना. तिथे फक्त एक आश्चर्य ऐसपैस बसलं होतं. ज्या बाईला आपण इतकी वर्षं मीठ कमी आहे एवढंच सांगत आलो, तिच्याजवळ हे सगळं होतं. काहीतरी बोलणं भाग होतं. त्यांनी घसा साफ केला, आणि ऐन वेळेला त्यांना कचेरीतलाच शब्द सुचला.

"पुढे चालू," ते म्हणाले.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग द्रौपदाबाईंना कळलं. त्यांनी पाय टेकून झोक्याला नवा जोर दिला. नानांनी लाल फडकं खाली केलं आणि हिरवं वर धरलं.

दिवे लागेपर्यंत गाणी चालली. एकही गाणं दुसऱ्यांदा आलं नाही. सुकदेवराव पायरीवर बसून ऐकत होते. कुणीतरी त्यांच्या हातात आमरसाची वाटी दिली, ती त्यांनी कधी संपवली ते त्यांना कळलं नाही.

"किती गाणी येतात तुला?" गर्दी पांगल्यावर त्यांनी विचारलं.

"मोजली नाहीत."

"मग इतकी वर्षं कधी म्हटली नाहीस?"

द्रौपदाबाईंनी साखळीची कडी पुसत साधेपणाने सांगितलं, "इथे झोका कुठे होता?"

सुकदेवरावांनी साखळीची दुसरी कडी पुसायला घेतली.

झोपाळा उतरवायचं नाव शेठजींनी पुन्हा काढलं नाही. प्रेमकुंवरबाईंनीच वरच्या फडताळातली भांडी जमिनीवर मांडली आणि सांगितलं की आता पडायला जागाच नाही. संध्याकाळी मुलींचं झोपाळ्यावरून कडकडून भांडण व्हायला लागलं, सुकदेवराव घरात असताना. दिवेलागणीला ते आणि द्रौपदाबाई त्या फळीवर बसू लागले. दीड माणसाच्या फळीवर दोन माणसांना बसायचं तर एकाच लयीत पाय टेकावे लागतात. एकाने घाई केली की दोघंही साखळीवर आपटतात. सुकदेवराव बरेच आपटले, मग शिकले. कचेरीतलं काही तोंडावर आलं तरी ते सांगायच्या आत झोका मागे जायचा, आणि पुढे येईपर्यंत ते सांगण्यासारखं राहायचं नाही. डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला आणि विचारलं, घरी कसलं गाणं ऐकता? "निंदा," सुकदेवराव म्हणाले. "माझीच. पण तालात असते."

पुढे आषाढात एका सकाळी ते खिडकीशी आरसा लावून दाढी करत होते. आत भाकरी थापण्याचा आवाज येत होता. बाहेर आभाळ भरलं होतं, मुली शाळेत गेल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की घरात कुणीतरी गुणगुणतंय, आणि ते आपणच आहोत. चाल आखाजीची होती. पहिली ओळ झाली आणि ते अडले, कारण दुसरी त्यांना कधी पाठच झाली नव्हती. वस्तरा हातात तसाच राहिला.

भाकरीचा आवाज थांबला. द्रौपदाबाई पिठाच्या हातांनी दाराशी आल्या, त्यांच्याकडे पाहिलं, आणि चौकटीला टेकून त्याच चालीवर म्हणाल्या,

अर्धा गालवर फेस वं माय,
अर्धा गाल हासस.

"हे कुणाचं?" सुकदेवरावांनी विचारलं. "तुझ्या आईचं?"

"नाही."

"मग आजीचं?"

"आत्ताचं आहे," द्रौपदाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे पाहिलं आणि आलं."

तवा तापला होता, त्या आत गेल्या. सुकदेवरावांनी आरशात पाहिलं. अर्ध्या गालावर फेस होता, आणि उरलेला अर्धा खरोखरच हसत होता.